दीर्घिकेचा फोटो आणि 'रंगवलेला' आरोप

'दूरच्या दीर्घिकेचा (गॅलक्सीचा) फोटो फक्त अवाढव्य दुर्बिणीतूनच निघतो, हौशी लोकांचे फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेले असतात' हा समज बराच जुना आहे. तो का पटतो, तेही समजण्यासारखं आहे. दुर्बिणीला डोळा लावला की दिसतो नुसता राखाडी धुरकट ठिपका!

पण देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका आकाशात लहान नाहीच. सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर असूनही ती जवळजवळ 3 अंश पसरली आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मावतील एवढी. अडचण आकाराची नसून मंद उजेडाची आहे. अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत आणि तो प्रकाश साठवूनही ठेवू शकत नाही. कॅमेरा साठवतो. त्यात 100 फोटो एकावर एक जुळवून सरासरी काढली, की फोटोतला खरखरीतपणा साधारण दहापट कमी होतो आणि दडलेले तपशील वर येतात. गाभ्याचा पिवळसरपणा जुन्या ताऱ्यांचा, कडांची निळाई तरुण ताऱ्यांची. रंग गडद केले जातात, हे खरं. पण ते मुळात असतातच.

स्वतः पडताळायचंय? अंधाऱ्या जागी, चंद्र नसताना, साधा 50 मिमी लेन्सचा कॅमेरा तिपाईवर लावा. इंग्रजी M किंवा W सारख्या दिसणाऱ्या शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दोन कोनांपैकी जास्त टोकदार कोन जिकडे बोट दाखवतो, त्या दिशेने पुढे सरका आणि 5 सेकंदांचा एकच फोटो काढा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहा: टिंबासारख्या ताऱ्यांमध्ये एक लांबट, पुसट डाग. अजून कॉम्प्युटरला हातही लागलेला नाही.