आझे-ल-रिदो : नदीतला शातो आणि त्याचा मऊ दगड

फ्रान्समधे लुआरच्या खोऱ्यात, तूर शहरापासून जवळच आझे-ल-रिदो नावाचं गाव आहे. वस्ती साडेतीन हजाराच्या आसपास, म्हणजे खेडं म्हणायला मोठं आणि शहर म्हणायला छोटं. १४१८ मधे हे गाव पार जाळलं गेलं होतं. आज लोक तिथे जातात ते शातो, म्हणजे फ्रेंच सरदारी वाडा, बघायला. राजाच्या तिजोरीचा कारभार बघणाऱ्या जिल बेर्तलोने १५१८ च्या सुमारास तो बांधायला काढला, तोही अँद्र नदीतल्या बेटावर, कामावर लक्ष मुख्यतः बायकोचं. १५२७ च्या आसपास बेर्तलो पैशांच्या चौकशीत अडकला आणि पळाला, शातो अर्धाच राहिला, पहिल्या फ्रान्स्वा राजाने तो जप्त केला.

इतिहास एवढा पुरे, मला खरं सांगायचंय ते त्याच्या दगडाबद्दल.

या दगडाला तिकडे तुफो म्हणतात. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता, तळाशी चुन्याचा गाळ, बारीक वाळू, माती आणि समुद्री स्पंजांच्या काचेसारख्या सुया साचत गेल्या, त्याचाच हा पांढरट चुनखडक झाला. गंमत म्हणजे याच्या आकारमानात जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते, डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं. म्हणून घनमीटरला वजन जेमतेम १३०० किलो, आपल्या काळ्या बेसाल्टच्या निम्म्याहून कमी! साध्या करवतीने कापला जातो. खाणीतून होडीत भरायचा, नदीनदीने आणायचा आणि छिन्नीने पाहिजे ते कोरायचं. आझेच्या दर्शनी जिन्यावर राजाचं चिन्ह म्हणून कोरलेला सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) जवळून बघा, इतकं नाजूक काम कडक दगडात करायला किती घाम गाळावा लागला असता.

पण तीच छिद्रं पाणी पण ओढून घेतात, आणि शातो तर नदीतच. पाऊस पडला की दगड भिजतो, मग सुकतो, आतली माती फुगते आणि आकसते. त्यात कोळशाच्या धुरातला गंधक चुन्याशी रिअ‍ॅक्ट होऊन जिप्सम नावाचा क्षार तयार होतो, पाणी तो आत घेऊन जातं आणि सुकताना पृष्ठभागाखाली त्याचे स्फटिक वाढतात. वरून दगड एकदम ठणठणीत दिसतो, आणि एक दिवस सेंटिमीटरभर जाडीची अख्खी खपली सुटून येते, कोरीवकामासकट. ऑर्लेआँ युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी शांबोरच्या शातोवर या खपल्यांचा बारकाईने अभ्यास केलाय, तिथलाही दगड हाच.

अशा भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे तिच्या मुळावर उठणं. सांध्यातून पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, मग ते दगडातूनच निघतं आणि सगळे क्षार तिथेच सोडतं. म्हणून दुरुस्ती करताना चुन्याचाच गिलावा वापरतात आणि नवा दगड निवडताना रंग जुळला एवढ्यावर भागत नाही, त्याची छिद्रंही जुन्यासारखीच लागतात.

आणि हा सगळा डोलारा उभा कशावर, तर नदीच्या चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो, तो पाण्याखालच्या चिखलात जवळपास नसतोच, त्यामुळे खांब पाण्यात बुडालेले असतील तोवर शतकानुशतकं टिकतात. म्हणजे वरच्या दगडाला पाणी नको आणि खालच्या लाकडाला पाणी हवंच.