सीमाशुल्क नाक्यांसाठी परकीय साहाय्य

एखाद्या देशाच्या सीमाशुल्क आणि सीमारक्षक यंत्रणेला दुसऱ्या देशाने किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेली उपकरणे, प्रशिक्षण, संगणकप्रणाली आणि कायदेविषयक सल्ला या सगळ्याला मिळून हे नाव दिले जाते. रोख पैसा सहसा हातात पडत नाही. नाक्यावर कमान उभी राहते, अधिकारी शिकायला जातात, परवाना देणाऱ्या खात्याला संगणकप्रणाली मिळते. देणाऱ्या देशाला घातक माल आपल्या किनाऱ्यापासून जितका दूर अडेल तितका हवा असतो. घेणाऱ्या देशाची गरज वेगळी असते: महसूल बुडू नये, सिगारेट, इंधन आणि अमली पदार्थांची चोरटी वाहतूक थांबावी. युरेनियम हुडकण्यासाठी दिलेले यंत्र नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या रोजच्या कामात बसले नाही, तर ते धूळ खात पडते. या साहाय्याचे यश-अपयश बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर ठरलेले दिसते.

आजच्या स्वरूपातले हे साहाय्य सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर सुरू झाले. १९९१ पर्यंत जी रेघ दोन प्रजासत्ताकांमधली प्रशासकीय हद्द होती, ती एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाली. तिथे ना नाके होते, ना कायदा, ना प्रशिक्षित माणसे. अण्वस्त्रांचा कच्चा माल मात्र संशोधनसंस्थांमध्ये आणि कारखान्यांमध्ये विखुरलेला होता. अमेरिकी संसदेने १९९१ मध्ये नन-लुगर कायद्याने या प्रदेशाला मदत द्यायला सुरुवात केली. ऊर्जा खात्याची, नाक्यांवर किरणोत्सार-शोधक बसवणारी ‘सेकंड लाइन ऑफ डिफेन्स’ योजना १९९८ मध्ये मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळापासून सुरू झाली. २००३ मध्ये तिला बंदरांसाठी ‘मेगापोर्ट्स’ची जोड मिळाली. परराष्ट्र खात्याचा निर्यात नियंत्रण व सीमासुरक्षा कार्यक्रम ‘एक्सबीएस’ या संक्षेपाने ओळखला जातो. कायदा, परवाना, अंमलबजावणी, उद्योगांशी संपर्क आणि खात्याखात्यांतला समन्वय अशा पाच अंगांनी तो चालतो आणि त्याचे सल्लागार त्या त्या देशातल्या दूतावासात बसतात. अमेरिकी लेखापाल कार्यालयाच्या २००२ च्या अहवालानुसार १९९२ ते २००१ या आर्थिक वर्षांत सहा अमेरिकी खात्यांनी मिळून सुमारे ३० देशांवर ८.६ कोटी डॉलर खर्च केले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २८ एप्रिल २००४ चा ठराव क्र. १५४० आल्यावर प्रत्येक देशाला सीमेवर आणि निर्यातीवर परिणामकारक नियंत्रण ठेवणे बंधनकारक झाले. ज्यांच्याकडे साधने नाहीत त्यांना मदत करावी, असेही त्यात नमूद आहे. युरोपीय संघाचा मध्य आशियातला ‘बोम्का’ कार्यक्रम २००३ पासून, मोल्दोव्हा-युक्रेन सीमेवरची मोहीम २००५ अखेरपासून, तर संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविरोधी कार्यालय आणि जागतिक सीमाशुल्क संघटना यांचा कंटेनर नियंत्रण कार्यक्रम २००४ पासून सुरू झाला.

किरणोत्सार ओळखणारी कमान

या साहाय्यातला सर्वांत महागडा आणि सर्वांत गैरसमज झालेला भाग हा आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब असतात. त्यांत विशिष्ट प्लॅस्टिकच्या जाड फळ्या बसवलेल्या असतात. गॅमा किरण आदळला की फळीत प्रकाशाचा क्षीण ठिपका उमटतो आणि प्रकाशगुणक नळी त्याचे विद्युत स्पंदन करते. न्यूट्रॉनसाठी पॉलिथिनच्या वेष्टणात हेलियम-३ वायूच्या नळ्या बसवतात. हा वायू मुख्यतः अण्वस्त्रांतल्या ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो. २००८-०९ च्या सुमारास त्याची टंचाई झाल्यावर बोरॉन आणि लिथियमवर चालणाऱ्या शोधकांकडे वळावे लागले.

नाका रिकामा असताना कमान परिसरातला नैसर्गिक किरणोत्सार मोजत राहते. वाहन आत आले की त्या पायाभूत आकड्याशी तुलना होते. समजा पायाभूत मोजणी सेकंदाला १,००० आहे. तिच्या वर्गमुळाच्या, म्हणजे सुमारे ३२ च्या पाचपट फरकावर इशारा लावला, तर १,१६० च्या आसपास गजर होईल. हा पट कमी केला तर निष्पाप ट्रकांवर गजर वाजतो, वाढवला तर अशक्त स्रोत निसटतो. त्यात आणखी एक गुंता आहे. लोखंडी मालाने भरलेला ट्रक स्वतःच परिसराचा किरणोत्सार अडवतो. त्यामुळे मोजणी पायाभूत आकड्याच्या खाली जाते आणि लहान स्रोत त्या खड्ड्यात लपू शकतो. म्हणून वाहनाचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास ठेवतात आणि तपासणीची रांग कमानीपासून दूर लावतात. रांगेतल्या ट्रकात किरणोत्सारी माल असेल तर तो शेजारून पायाभूत मोजणीच बिघडवतो.

बहुतेक गजर निरुपद्रवी मालाचे असतात. पोटॅशयुक्त खत, सिरॅमिक टाइल्स, ग्रॅनाइट, मांजराच्या शौचपेटीत घालायची माती, मोनाझाइटयुक्त वाळू या सगळ्यांत नैसर्गिक किरणोत्सार असतो. माणसेही गजर वाजवतात. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेला रुग्ण काही आठवडे कमानीला जाणवत राहतो, कारण या आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, आठ दिवसांचे असते. वैद्यकीय स्कॅनसाठी टोचले जाणारे टेक्नेशियम-९९एम मात्र दीड-दोन दिवसांत जवळजवळ संपते. न्यूट्रॉनचा गजर वाजला तर नियम वेगळा. जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या यंत्रासारखे मोजके स्रोत सोडले, तर रोजच्या मालात न्यूट्रॉन देणारे काही नसते; त्यामुळे तो कधीही हसण्यावारी नेत नाहीत.

गजर झाल्यावरचा क्रम ठरलेला असतो. वाहन बाजूला घेऊन पुन्हा संथपणे कमानीतून नेतात. चालक आणि क्लीनरला उतरवून त्यांची वेगळी तपासणी करतात. मग मालाची कागदपत्रे पाहून हातातला शोधक पृष्ठभागाजवळ धरून हळूहळू फिरवतात. सर्वांत जास्त आकडा जिथे मिळतो ती जागा खडूने नोंदवतात आणि तिथे समस्थानिक, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ नेमका कोणता ते, ओळखणारे यंत्र काही मिनिटे स्थिर धरतात. एक मीटर अंतरावर ताशी १०० मायक्रोसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळाली, तर सगळ्यांनी मागे हटून तज्ज्ञांना बोलवायचे असते. अशा वेळी सील तोडून आत डोकावण्याचा मोह होतो. तो टाळायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे.

कमान सर्वशक्तिमान नाही. अतिसमृद्ध, म्हणजे अण्वस्त्राला चालणारे, युरेनियम न्यूट्रॉन जवळजवळ देतच नाही, आणि युरेनियम-२३५ चा प्रमुख गॅमा किरण १८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे इतका मऊ की काही मिलिमीटर शिसे त्याला पुरते. २०१० मध्ये येरेवानहून तिबिलिसीला रेल्वेने नेलेले सुमारे १८ ग्रॅम अतिसमृद्ध युरेनियम शिशाचे अस्तर लावलेल्या सिगारेटच्या पाकिटात होते. ते पकडले गेले जॉर्जियन पोलिसांच्या सापळ्यात. म्हणून जाणकार कमानीच्या जोडीला क्ष-किरण स्कॅनर मागतात. ज्या शिशामुळे कमान आंधळी होते, तेच स्कॅनरच्या चित्रात काळा डाग म्हणून दिसते.

साधी हत्यारे

कमानीची छायाचित्रे निघतात, पण नाक्यावरचा बहुतेक मुद्देमाल सुटकेसमधल्या झडती-संचाने सापडतो. त्यात घनतामापक, लवचीक दुर्बीण, लेझर अंतरमापक, लांब दांड्याचा आरसा, सळ्या आणि पाना-पेचकस असतात. घनतामापकात बेरियम-१३३ चा लहानसा स्रोत असतो. उडालेले किरण किती परत येतात यावरून पत्र्यामागे पोकळी आहे की काही भरले आहे ते कळते. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. उजव्या दाराची एक जागा मोजायची, मग डाव्या दाराची नेमकी तीच जागा, आणि फरक पाहायचा. बेरियमचे अर्धायुष्य साडेदहा वर्षांचे असल्याने जुने यंत्र हळूहळू मंदावते. शिवाय स्रोत किरणोत्सारी असल्यामुळे घेणाऱ्या देशाच्या अणुनियामकाचा परवाना आधी काढून ठेवावा लागतो.

अंतरमापकाचे काम याहून सोपे. २० फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर आणि आतून सुमारे ५.९ मीटर असतो. आतले माप ५.६ भरले, तर मागच्या भिंतीआड ३० सेंटिमीटर कुठे गेले, हे विचारावेच लागते. इंधनटाकीत दुर्बीण घालण्याआधी ती स्फोटक वाफेत वापरण्यायोग्य आहे का, हे पाहणे अत्यावश्यक असते.

प्रशिक्षण

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड अणुप्रकल्पाजवळचे हॅमर केंद्र १९९० च्या दशकापासून परदेशी अधिकाऱ्यांना खऱ्या किरणोत्सारी स्रोतांवर सराव देत आले आहे. त्याहून जास्त उपयोगी ठरते ते माल ओळखण्याचे प्रशिक्षण. दाबमापक, निर्वातपंप, वारंवारता-परिवर्तक, कार्बन तंतू, मॅरेजिंग पोलाद या वस्तू साध्या कारखान्यातही लागतात आणि युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रामध्येही. खोक्यावर ‘पंपाचे सुटे भाग’ लिहिले आहे, मग वजन आणि किंमत जुळते का, माल मागवणारी कंपनी असा पंप वापरते का, हे प्रश्न सुचायला हवेत. ते यंत्र सुचवत नाही.

इथेच बरेच साहाय्य वाया जाते. परदेशी अभ्यासक्रमाला नाक्यावरचा शिपाई किंवा निरीक्षक न पाठवता मुख्यालयातला वरिष्ठ पाठवला जातो. प्रशिक्षित अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते आणि ज्ञान त्याच्याबरोबर जाते. उपाय म्हणून आता स्थानिक प्रशिक्षक तयार करून अभ्यासक्रम त्या देशाच्या स्वतःच्या अकादमीत रुजवण्यावर भर असतो. भाषांतर चांगले नसेल तर तेही व्यर्थ. चुकीचे भाषांतर झालेली यंत्रपुस्तिका कपाटात बंद राहते.

काय बिघडते

२००२ च्याच अहवालात लिथुआनियाला दिलेल्या एका कमानीची हकिगत आहे. आहे ती वीजवाहिनी पुरेल की नवी टाकावी लागेल, यावर एकमत न झाल्याने ती सुमारे दोन वर्षे अमेरिकी दूतावासाच्या तळघरात पडून होती. वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या क्षमतेची यंत्रे दिल्याचेही त्यात आढळले. एका सीमेवर न्यूट्रॉन ओळखणारी कमान, तर शेजारच्या देशात फक्त गॅमा ओळखणारी. मग चोरटा माल दुबळ्या बाजूने जाणार.

हातातल्या यंत्रांची देखभाल तर सर्वांत दुर्लक्षित. सोडियम आयोडाइडचा स्फटिक ओलावा शोषतो. हिवाळ्यात उबदार खोलीतून एकदम गोठणाऱ्या हवेत नेला तर तो तडकतो. प्लॅस्टिकच्या फळ्यांत दमट हवेतले पाणी शिरते आणि थंडीत त्या आतून धुरकट होतात. दरवर्षी अंशांकन (मोजमाप अचूक आहे का ते तपासून जुळवणे) लागते, बॅटऱ्या लागतात, वीज जाते तिथे यूपीएस लागतो. या खर्चाची तरतूद घेणाऱ्या देशाच्या अर्थसंकल्पात आधीच झाली नसेल, तर देणाऱ्याची देखभाल-मुदत संपताच यंत्र बंद पडते.

लाचलुचपत हा याहून कठीण प्रश्न आहे. गजर बंद करायला एक माणूस पुरतो. म्हणून नव्या व्यवस्थेत गजराची नोंद नाक्यावर न थांबता थेट मुख्यालयात जाते, आणि निर्णय एकट्याच्या हाती राहत नाही. महाराष्ट्राला याची किंमत ठाऊक आहे. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडी इथे उतरलेल्या स्फोटकांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले होते.

काही प्रकरणे

२९ मे १९९९ रोजी बल्गेरिया-रोमानिया सीमेवरच्या रुसे नाक्यावर काही ग्रॅम अतिसमृद्ध युरेनियम सापडले. ते गाडीच्या डिकीत शिशाच्या आवरणात होते. तिथे कमान नव्हती. अधिकाऱ्याचा संशय आणि चालकाजवळचा युरेनियमचा उल्लेख असलेला कागद यांनी काम केले. मार्च २००० मध्ये उझबेकिस्तानच्या गिश्त कुप्रिक नाक्यावर कझाकस्तानातून आलेल्या भंगाराच्या ट्रकात किरणोत्सारी माल भरलेली शिशाची दहा भांडी अमेरिकेने दिलेल्या उपकरणांमुळे सापडली. जून २००३ मध्ये जॉर्जिया-आर्मेनिया सीमेवरच्या सदाख्लो इथे अशाच उपकरणांनी सुमारे १७० ग्रॅम अतिसमृद्ध युरेनियम पकडून दिले.

भारतात २००५ चा सामूहिक संहारशस्त्रे कायदा आणि विदेश व्यापार महासंचालनालयाची ‘स्कोमेट’ यादी ही दुहेरी वापराच्या मालावरची मुख्य साधने आहेत. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात जानेवारी २०२४ मध्ये चीनहून कराचीकडे निघालेल्या जहाजावरून इटालियन बनावटीचे संगणकनियंत्रित यंत्र उतरवून घेण्यात आले. पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात त्याचा वापर होईल असा संशय होता, आणि डीआरडीओच्या पथकाने त्याची तपासणी केली. असे यंत्र कुठल्याही कमानीत गजर वाजवत नाही. ते मालाची माहिती आणि कागद वाचणाऱ्या माणसालाच सापडते.