विस्तार शिक्षण, कृषी (सातारा–सांगली) : प्रचारसाहित्य व प्रशिक्षण निधी

संशोधन केंद्रातील शिफारस बांधापर्यंत पोचविणारे शिक्षण. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरील लोकांसाठी व्याख्याने सुरू केली, त्यांवरून ही संज्ञा आली असे सामान्यतः मानतात. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ–लीव्हर कायद्याने तिचा शेतीशी कायमचा संबंध जोडला.

या भागातील आरंभ कोठून धरावा, हा प्रश्न आहे. शासकीय यंत्रणा हा निकष लावला, तर राष्ट्रीय विस्तार सेवेचे वर्ष १९५३ येते. तेव्हा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला जाई. परंतु औंध संस्थानात १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीचा विचार टाळता येत नाही. लोखंडी फाळाने जमीन नासते, हा समज दूर झाल्याखेरीज तेथील किर्लोस्कर कारखान्याचे नांगर खपणे अवघड होते. कारखान्याचे हे काम विक्रीचे होते, म्हणून त्यास काटेकोर अर्थाने विस्तार म्हणता येणार नाही. तरी जुना समज मोडून नवे अवजार शेतकऱ्याच्या हाती देण्याची रीत तीच असल्याने आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

घडीपत्रिका, भित्तीपत्रक, शिवारफेरी, शेतीशाळा ही साधने परिचित आहेत. साहित्याचा कस लागतो तो मापात. ऊसतोडीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट उरते. ते न जाळता कुजविण्यासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू खत अशी शिफारस आहे. शेतकरी मात्र एकर, गुंठे आणि पोत्यांत हिशेब करतो. ‘एकरी युरियाचे पाऊण पोते’ असे छापलेले पत्रक त्याच्या उपयोगी पडते. हेक्टर व टनांचे पत्रक घडी मोडल्याविनाच राहते. हे रूपांतर करणे हे विस्तारकाचे खरे काम होय.

बोरगाव, काळवडे (सातारा) व कांचनपूर (सांगली) येथील कृषी विज्ञान केंद्रांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे अनुदान मिळते. ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजनेत केंद्र व राज्याचा वाटा पूर्वी ९०:१० होता, तो पुढे ६०:४० झाला. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्चही तीत बसतो. सहायक कृषी अधिकाऱ्यांचे (पूर्वीचे कृषी सहायक) प्रशिक्षण कोल्हापूरच्या रामेती या विभागीय प्रशिक्षण संस्थेत, तर राज्यस्तरीय प्रशिक्षण नागपूरच्या वनामती या राज्य प्रशिक्षण संस्थेत होते. हैदराबादची मॅनेज ही राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था (स्थापना १९८७) नोकरीत राहून करता येणारी एक वर्षाची कृषी विस्तार व्यवस्थापन पदविका चालविते.