त्रिकोणातल्या दीर्घिकेचे न जुळणारे नकाशे

त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या जवळच्या सर्पिल दीर्घिकांमध्ये देवयानीनंतर तिचाच नंबर लागतो. देवयानी आपल्याला बरीचशी कडेवरून दिसते. एम ३३ मात्र बऱ्यापैकी समोरून. त्यामुळे कुठला ढग कुठल्या बाहूवर आहे, हे तिच्यात सहज सांगता येतं. आपल्या आकाशगंगेबाबत हीच मोठी पंचाईत आहे. तिच्या तबकडीत बसूनच तिच्याकडे पाहायचं, म्हणजे एकामागचे दहा ढग एकाच रेषेत येणार.

ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे मुख्यतः हायड्रोजन. सुट्या अणूंच्या रूपातला हायड्रोजन शोधणं त्या मानाने सोपं, कारण तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडतो. डच खगोलशास्त्रज्ञ व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि १९५१ मध्ये युएन व पर्सेल यांनी त्या लहरी टिपल्या. एम ३३ मधला असा वायू ताऱ्यांच्या तबकडीबाहेरही लांबवर पसरलाय, आणि कडेला तर तो चक्क मुरडलाय. पण एवढ्या विरळ वायूतून तारे होत नाहीत. ते होतात दाट, थंडगार ढगांत, जिथे हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू होऊन राहतात. आणि घोडं अडतं ते इथेच: शून्याखाली २६० अंशांच्या आसपासच्या थंडीत हा रेणू जवळजवळ मुकाच असतो.

मग त्याच्या सोबत्याला गाठायचं. कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजनच्या मानाने अगदी नगण्य, साधारण दहा हजारांत एक रेणू. पण एवढ्या थंडीतही तो मिलिमीटर लहरी सोडतो. स्पेनमधल्या पिको व्हेलेता पर्वतावरच्या, ३० मीटर व्यासाच्या आयराम या रेडिओ दुर्बिणीने एम ३३ ची तबकडी याच रेणूच्या १.३ मिलिमीटर लहरींत पिंजून काढली. तपशील मिळाला सुमारे १६० प्रकाशवर्षांपर्यंतचा.

नवे तारे शोधायची तऱ्हा वेगळी. तप्त तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन तांबडा उजळतो. एनजीसी ६०४ हा एम ३३ मधला अवाढव्य तेजोमेघ असाच उजळलाय. जे तारे अजून धुळीत गुरफटलेले असतात, त्यांची ऊब अवरक्त प्रकाशात दिसते. ती स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने टिपली.

आता वायूचा आणि नव्या ताऱ्यांचा, असे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले, की काय दिसतं? हजारो प्रकाशवर्षांच्या चौकटी घेतल्या तर सगळं आलबेल: जिथे वायू, तिथे तारे. खगोलशास्त्रज्ञ आंद्रेआस श्रुबा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या चौकटी लहान करत नेल्या. हजारेक प्रकाशवर्षांच्या खाली गणित फिसकटलं. वायूच्या ठिकाणी नेम धरावा तर तारे कमी, ताऱ्यांच्या ठिकाणी धरावा तर वायू कमी. मला या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ही मोजमापातली चूक नव्हे. यात ढगांचं वय दडलंय. काही ढगांत अजून काही घडलेलंच नाही, काहींत तारे नुकतेच पेटलेत, आणि काही ठिकाणी ताऱ्यांनी आपल्याच ढगाला पांगवून लावलंय.

एखाद्या गर्दीच्या एकाच फोटोत बाळं किती, तरुण किती, म्हातारे किती हे मोजून आयुष्यमानाचा अंदाज बांधावा, तसंच इथे करता येतं. २०१७ मधल्या एका अभ्यासात एम ३३ चे ५६६ ढग आणि ६३० तरुण तारकागुच्छ असे अवस्थेनुसार लावले गेले. ढगाचं आयुष्य निघालं सुमारे १.४ कोटी वर्षे.

पण आज ज्या वेगाने तारे घडतायत, त्या वेगाने रेणूंचा हा साठा संपायला १०० कोटी वर्षांच्या आसपास लागतील. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, एकेका ढगातला जेमतेम एक-दीड टक्का वायू ताऱ्यांत जातो. बाकीचा ढग मोडल्यावर विरतो आणि पुढे कधीतरी दुसऱ्या एखाद्या ढगात गोळा होतो.