चित्रांचं पुस्तक न उघडता घेऊ नका : कॉलेज लायब्ररीत दृश्यकलेचा विभाग उभा करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. ग्रँट आलीय, ३१ मार्चच्या आत बिल पाहिजे, आर्टची पुस्तकं लावून द्यायचीत, लिस्ट पाठवा. आम्ही नाशिकमध्ये कॉलेजांना पुस्तकं पुरवणारी छोटी फर्म, लिस्ट पाठवणं आम्हाला सोप्पं आहे, एक्सेल तयारच असते. पण आता दृश्यकलेच्या बाबतीत आम्ही नुसती लिस्ट पाठवत नाही, आणि का पाठवत नाही ते नीट सांगावं म्हणून हे पत्रक. ग्रंथपाल सर-मॅडमसाठी आहे आणि कमिटीत बसणाऱ्या ड्रॉइंगच्या सरांसाठी पण.

अकाउंट्सचं किंवा इंजिनीअरिंगचं पुस्तक लिस्टवरून घेतलं तर फारसं बिघडत नाही, सिलॅबस जुळला, एडिशन नवी असली की झालं. चित्रांच्या पुस्तकात चित्र हाच मजकूर असतो, तोच खराब छापला असेल तर बाकी सगळं बरोबर असून काय उपयोग. आम्हाला हे ठेच लागून कळलं. एका कॉलेजला आम्ही अजिंठ्यावरचा एक जुना ग्रंथ पुरवला होता, १९व्या शतकातला, आता कॉपीराइट संपलेला, म्हणून कुणीतरी जुनी प्रत स्कॅन करून मागणीप्रमाणे छापून विकत होतं. कॅटलॉगमध्ये वर्णन एकदम भारी होतं. आम्ही पॅकिंग न फोडता तसंच पोचवलं. तिथल्या मॅडमनी फोन केला की अहो सगळ्या प्लेट, म्हणजे चित्रांची पानं, काळी आहेत, चेहराच दिसत नाहीये. आम्ही जाऊन बघितलं तर खरंच, रंगीत प्लेटचा राखाडी धब्बा झालेला. पुस्तक परत घेतलं, पैसे दिले, पण वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला जाऊन त्या भिंतींच्या नकला रंगवत बसले होते, त्यातल्या कितीतरी नकला नंतर लंडनमध्ये आगीत जळाल्या, म्हणजे आपल्यापर्यंत त्यांचं काम पोचतं ते बहुतेक पुस्तकातल्या प्लेटमधूनच, आणि आपल्या पोरांच्या हातात आपण काय दिलं तर काळा डाग. तेव्हापासून आम्ही एकही आर्टचं पुस्तक न उघडता पाठवत नाही, आणि तुम्हीही न उघडता घेऊ नका.

उघडून बघायचं म्हणजे काय बघायचं

पुस्तक खिडकीपाशी न्या, ट्यूबलाइटखाली रंग कळत नाहीत. आधी चेहरे आणि हात बघा. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी तुमच्या बहुतेक सगळ्या पुस्तकांत असणारच, तो २-३ पुस्तकांतून शेजारी शेजारी उघडून ठेवा, एकात तो हिरवट दिसेल, एकात नारिंगी, आणि एखाद्यात गालावरची सावली, भुवईची रेघ, मुकुटाचं बारीक काम वेगवेगळं दिसेल, ते पुस्तक घ्या, बाकी दोन स्वस्त असली तरी सोडा. मग एक साधं भिंग घेऊन छपाईचे ठिपके बघा. चार रंगांचे ठिपके नीट जुळलेले असतील तर कडा स्वच्छ दिसते, रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हललं असेल तर ओठांच्या बाजूला लाल किंवा निळी किनार दिसते. आपल्या नाशिकच्या कुठल्याही ऑफसेटवाल्याला विचारा, तो एका नजरेत सांगेल. आम्हाला पण एका प्रेसवाल्या काकांनीच शिकवलं.

मधली घडी बघायला विसरू नका. मोठं चित्र दोन पानांवर पसरवायची फार हौस असते प्रकाशकांना, आणि नेमका महत्त्वाचा भाग शिलाईत जातो. पुस्तक सपाट उघडत नसेल, परफेक्ट बाइंडिंगचं असेल, म्हणजे नुसतं गोंदाने चिकटवलेलं, तर लायब्ररीत ते एक-दोन वर्षांत पानं सोडतं, कारण पोरं ट्रेसिंग करताना, स्केच काढताना ते दाबून उघडणारच आणि त्यांनी उघडलंच पाहिजे. शिवलेल्या फॉर्मांचं पुस्तक थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

आणि चित्राखालची ओळ वाचा. चित्राचं नाव, माध्यम, साल, मूळ चित्राचा आकार, ते कुठल्या संग्रहात आहे, एवढं हवंच. आकार नसेल तर मुलांच्या डोक्यात सगळी चित्रं पानाएवढीच होतात, तळहाताएवढं पहाडी लघुचित्र आणि भिंतभर म्युरल एकाच मापाचं. ही तक्रार आमच्याकडे एका शिकवणाऱ्या सरांनीच केली होती आणि ती अगदी खरी आहे.

पैसे कुठे घालायचे

इथे आमचं मत थोडं धंद्याच्या उलट वाटेल पण मनापासून सांगतोय. युरोपच्या मोठ्या चित्रकारांची स्वस्तातली जाडजूड पुस्तकं घेऊन कपाट भरू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट नसलेल्या कलाकृतींचे फोटो सगळ्यांसाठी फुकट खुले केलेत, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचंही तसंच आहे, रेम्ब्रांट तिथून प्रोजेक्टरवर एवढा मोठा बघता येतो की ब्रशचा फटकारा दिसतो, कुठल्याच पुस्तकात तो तसा दिसणार नाही. तिथे वाचलेला पैसा इथे लावा, आपल्या लोकांवर, ज्यांची चांगली चित्रं नेटवर धड मिळत नाहीत. गायतोंडे, हुसेन, अमृता शेरगिल, प्रभाकर बरवे, आणि बॉम्बे स्कूलचे जुने लोक. ललित कला अकादमी १९५४ पासून आहे, त्यांच्या छोट्या छोट्या मोनोग्राफ पुस्तिका खिशाला परवडतात आणि कामाच्या असतात. १९४६ साली सुरू झालेल्या मार्ग मासिकाचे जुने अंक मिळाले तर सोडूच नका, ते आम्ही शोधून देतो, वेळ लागतो पण मिळतात.

मराठीचा मुद्दा वेगळा लिहितो कारण तो कायम राहून जातो. आर्टला येणारी कितीतरी मुलं सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडची, मराठी माध्यमातून शिकलेली. चित्रकलेच्या इलेमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊन, चांगला हात घेऊन येतात आणि लायब्ररीत सगळं इंग्रजी बघून गप्प होतात, चित्रं चाळतात आणि ठेवून देतात. मराठीत पुस्तकं कमी आहेत हे खरंय पण नाहीत असं नाही. शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड तर हवाच, आमचं ऐकाल तर २ प्रती, एक रेफरन्सला आणि एक घरी न्यायला. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, त्यातल्या कलाविषयक नोंदींच्या प्रिंट काढून फाईल करून ठेवली तरी पोरं वाचतात.

नाशिकचा शेल्फ

हे आमचं सगळ्यात आवडतं काम. प्रत्येक कॉलेजला आम्ही सुचवतो की एक कप्पा फक्त आपल्या भागाचा करा. पांडवलेणीची २४ लेणी मुलांच्या स्केचिंगच्या वाटेवरच आहेत. १८ नंबरचं चैत्यगृह बघून आलेल्या मुलीला कार्ले आणि भाजे यांच्या चैत्यांचे फोटो त्याच दिवशी शेजारी ठेवून बघता आले तर तिला कमानीतला फरक स्वतःच्या डोळ्याने कळतो, कुणी सांगावा लागत नाही. येवल्याची पैठणी, तांबट मंडळींची तांब्या-पितळेची भांडी, वारली चित्रं. त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी जेजेचे विद्यार्थी होते, चित्रकला, फोटोग्राफी, छपाई सगळं करून मग १९१३ ला राजा हरिश्चंद्र, म्हणजे ते दृश्यकलेच्या कप्प्यात हक्काने बसतात. आणि नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस, ती १९२५ पासूनची, त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं इंग्लंडमध्ये छापून यायची. जुनी तिकिटं भिंगाखाली धरली की छपाईची एकेक रेघ दिसते, प्रिंटमेकिंग शिकणाऱ्याला याहून स्वस्त नमुना कुठे मिळणार.

अडचण एवढीच की ड्युई या विषयवार वर्गीकरणाप्रमाणे नंबर टाकले की हे सगळं विखुरतं. पैठणी ७४६ ला, तिकिटं ७६९ ला, लेणी ७२६ ला, फाळके ७९१ ला, वारलीचं पुस्तक कुणी ७५९ ला लावतं तर कुणी आदिवासी म्हणून ३०५ ला. नंबर बदलू नका, तो राहू द्या, फक्त कोहा किंवा सोल, जे लायब्ररी सॉफ्टवेअर वापरत असाल त्यात प्रत्येकाला नाशिक-दृश्यकला असा एकच विषयशब्द टाका आणि पाठीला एक रंगीत पट्टी लावा. आमच्याकडून घेतलेल्या पुस्तकांना ही पट्टी आम्हीच लावून देतो.

या कप्प्यात विकत न मिळणाऱ्या गोष्टीही याव्यात. प्रदर्शनांची निमंत्रणपत्रं, कॅटलॉग, तुमच्याच मुलांच्या वार्षिक प्रदर्शनाची पुस्तिका, यांना आयएसबीएन नसतो म्हणून कुणी जपत नाही आणि १० वर्षांनी कुठेच मिळत नाही. जुने दिवाळी अंक तर रद्दीत किलोवर जातात! चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं त्यात असतात, ते १९७१ ला गेले, आता त्या मूळ छपाईचा अंक हातात धरून बघणं म्हणजे वेगळाच अनुभव आहे. ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, आम्ही पण आमच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय.

कपाट, पाणी आणि कुलूप

साधा रॅक ९-१० इंच खोल असतो आणि आर्टची पुस्तकं १२-१४ इंचाची, म्हणून ती पुढे लोंबतात किंवा पाठ वर करून उलटी ठेवली जातात आणि स्वतःच्या वजनाने आतला गठ्ठा कव्हरमधून सुटतो. मोठी पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक ३, फार तर ४. खालचा कप्पा जमिनीपासून निदान अर्धा फूट वर, आणि ओल येणाऱ्या भिंतीला रॅक टेकवूच नका.

पाण्याचं विशेष सांगतो कारण पावसाळ्यात दरवर्षी एखादा तरी फोन येतोच. या पुस्तकांच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटून फळीसारखी होतात आणि मग कुणालाच सोडवता येत नाहीत. साधं पुस्तक पंख्याखाली वाळवतात तसं बंद करून वाळवू नका. ओलं असतानाच पानापानात टिपकागद किंवा साधा कोरा कागद घालत जा, बदलत राहा. एकदम खूप पुस्तकं भिजली तर जेवढी हाताळता येतील तेवढी घ्या आणि बाकीची प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, वेळ मिळतो. कॅन्टीनचा फ्रीझर चालतो, खरंच.

कुलपाबद्दल आम्हाला कळतं, ४ हजाराचं पुस्तक हरवलं तर ग्रंथपालालाच उत्तर द्यावं लागतं. तरी कपाटात बंद करून ठेवू नका. घरी नेऊ देऊ नका पण टेबलावर रोज ५-६ पुस्तकं उघडी मांडा, आठवड्याने बदला. पेनला बंदी, फक्त पेन्सिल.

स्कॅनिंगचंही सगळे विचारतात. आपल्या कायद्यात चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. राजा रविवर्मा १९०६ ला गेले, शेरगिल १९४१ ला, त्यांची चित्रं खुली आहेत. गायतोंडे २००१ ला आणि हुसेन २०११ ला, त्यांची नाहीत. वर्गात शिकवताना दाखवायला कायद्यात सवलत आहे, अख्खं पुस्तक पीडीएफ करून कॉलेजच्या साइटवर टाकायला नाही.

आमच्याकडून काय मिळेल

आम्ही पुस्तकं अप्रूव्हलवर आणून देतो, बॉक्स तुमच्याकडे १५ दिवस राहतो, सर लोकांना बघू द्या, मुलांनाही बघू द्या, नको ती परत, परतीचा खर्च आमचा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेव्हा कुणी बिलात लावला तर विचारा. परदेशी पुस्तकाचा रुपयातला भाव बिलाच्या दिवशीच्या दराने, दर बिलावर लिहिलेला असतो. क्वोटेशन ३ लागणार असतील तर खुशाल घ्या, फक्त एवढं बघा की तिघांनी एकाच छपाईच्या प्रतीचा भाव दिलाय.

आणि मार्चची वाट बघू नका. जुलै-ऑगस्टमध्ये एक बॉक्स, दिवाळीनंतर एक, असं केलं की निवडायला वेळ मिळतो. पहिल्या बॉक्ससाठी आम्हाला कोर्स कुठले आहेत, सध्या कपाटात काय आहे आणि बजेट साधारण किती, एवढं कळवा. कपाटाचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवले तरी चालतात. आम्ही येऊ त्या दिवशी खिडकीजवळचं एक लांब टेबल रिकामं ठेवा आणि ड्रॉइंगच्या सरांना तासभर मोकळं करून घ्या, भिंग आम्ही आणतो.