पार्श्वभूमी : ५०० फुटांच्या करमाफीमागचा हिशेब

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा प्रचारात ७०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफीचे आश्वासन होते. ७०० हा आकडा मुंबईकरांनी आधीही ऐकलेला आहे. २०१७ साली तो ५०० च्या पाठीला पाठ लावून आला होता : ५०० फुटांपर्यंत पूर्ण माफी आणि ५०० ते ७०० फुटांना सवलत. त्यातले ५०० पदरात पडायला पाच वर्षे गेली आणि ७०० ची सवलत वाटेत कुठेतरी गळाली. तिचे काय झाले, असे कोणी फारसे विचारलेही नाही.

५०० हा आकडा मुळात माफीसाठी आलेलाच नव्हता. तो आला २०१० साली, कर आकारणीची पद्धत बदलली तेव्हा बसणारा धक्का सोसता यावा म्हणून. आजची माफी ही त्या तात्पुरत्या व्यवस्थेची वाढलेली शाखा आहे, आणि हे लक्षात घेतले नाही तर २०१९ मध्ये घोषणा एक आणि अध्यादेश दुसराच, असा जो गोंधळ झाला तो समजत नाही.

२०१० पूर्वी कर ठरायचा तो करपात्र मूल्यावर, म्हणजे त्या जागेला वर्षाला किती भाडे येऊ शकेल यावर. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा, उरलेल्यावर कर. कागदावर पद्धत सरळ होती. पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. भाडे गोठले की करही गोठला. पागडीच्या इमारतीतला कर वर्षानुवर्षे जागचा हलत नव्हता आणि त्याच काळात बोरिवली-मुलुंडकडे नव्याने घर घेणारा आजच्या भाड्याच्या हिशेबाने कर भरत होता. मलबार हिलवरच्या जुन्या प्रशस्त फ्लॅटपेक्षा उपनगरातल्या दोन खोल्यांचा कर जास्त, ही तक्रार तेव्हा रोजची होती आणि ती खोटी नव्हती.

१ एप्रिल २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर गेली. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या भावाचा दर, क्षेत्रफळ, वापर कशाचा, बांधकाम कोणत्या प्रकारचे, इमारतीचे वय, मजला, असे गुणक लावून मूल्य काढायचे आणि त्यावर कर. उपनगरांना यात दिलासा होता. शहर भागात मात्र उलटे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथे जमिनीचा दर आकाशाला भिडलेला आणि त्या जमिनीवर राहणारा माणूस मात्र दहा बाय बाराच्या खोलीतला. जमिनीच्या भावाने त्याला कर लावला असता तर चाळी रिकाम्या झाल्या असत्या, किंवा रस्त्यावर आल्या असत्या. दुसरी शक्यता राजकारण्यांना जास्त ठाऊक होती.

म्हणून कायद्यातच मर्यादा घातली गेली. ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फूट चटई क्षेत्रापर्यंतच्या (भिंतींच्या आतल्या, कार्पेट क्षेत्राच्या) घरांचा कर पाच वर्षे वाढणार नाही. त्याहून मोठ्या घरांचा फार तर दुप्पट होईल आणि बिगरनिवासी जागांचा फार तर तिप्पट. २०१५ मध्ये दुसरी पाच वर्षे सुरू झाली तेव्हा इतरांच्या वाढीला ४० टक्क्यांची मर्यादा आली आणि ५०० फुटांचे संरक्षण पुढे चालू राहिले. म्हणजे करमाफीची घोषणा व्हायच्या आधी सात वर्षे या घरांचा कर जवळपास थिजलेलाच होता. घोषणा करणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट होती. जो कर वाढत नव्हता तो सोडून द्यायचा होता.

याच सुमारास घरांच्या मदतीच्या योजनांतही फुटांचे आकडे सरकत होते. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर आधी २२५ चौरस फुटांचे, २००८ नंतर २६९ चे, मग ३०० चे. बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात मात्र ५०० फुटांचे घर द्यायचे ठरले, आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या चाव्या मिळाल्या. ही घरे माफीच्या रेषेच्या आत नेमकी बसतात. ती जाणूनबुजून बसवली असे म्हणायला आधार नाही. पण टॉवरमध्ये गेल्यावर महिन्याला किती भरावे लागेल ही चाळकऱ्यांची पहिली शंका असते, आणि तिच्या उत्तरात आता मालमत्ता कराची ओळ नाही. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांच्या ओळी आहेतच.

आता २०१७. फेब्रुवारीत पालिकेची निवडणूक झाली, पालिकेतल्या सत्ताधारी शिवसेनेने वचननाम्यात माफी लिहिली होती, आणि जुलैमध्ये पालिकेच्या सभागृहात माफीचा ठराव झाला. त्याच १ जुलैला वस्तू आणि सेवा कर लागू होऊन जकात बंद झाली होती. पालिकेला जकातीतून वर्षाला सुमारे ७ हजार कोटी रुपये मिळत. त्याबदल्यात राज्याकडून दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढणारी भरपाई मिळू लागली, पण ती भरपाई, स्वतःची कमाई नव्हे. पालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेला सर्वांत मोठा नियमित कर म्हणजे मालमत्ता कर. आणि ज्या महिन्यात तो सर्वांत मोठा ठरला त्याच महिन्यात त्यातला एक हिस्सा सोडण्याचा ठराव झाला. प्रशासनाने ठराव पुढे पाठवण्यात घाई दाखवली नाही याचे आश्चर्य वाटू नये.

शिवाय ठरावाने काम होणार नव्हतेच. मुंबईचा मालमत्ता कर १८८८ च्या अधिनियमाखाली येतो. दर ठरवणे सभागृहाच्या हाती असले तरी एका वर्गाला करातून बाहेर काढायचे तर अधिनियमच दुरुस्त करावा लागतो, आणि ते काम विधिमंडळाचे. ठराव मंत्रालयात गेला आणि दीड वर्ष तिथेच राहिला.

मार्च २०१९ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर, राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि अध्यादेश निघाला. वृत्तवाहिन्यांवर पट्ट्या फिरल्या : ५०० फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ. फलक लागले. सोसायट्यांच्या सूचना फलकांवर कात्रणे चिकटली. अध्यादेश वाचणाऱ्यांना मात्र त्यात ‘मालमत्ता कर’ दिसला नाही. तिथे शब्द होता ‘सर्वसाधारण कर’.

फरक किती, हे मालमत्ता कराचे बिल समोर धरल्याशिवाय कळत नाही. आपण ज्याला मालमत्ता कर म्हणतो ती अनेक करांची मोळी आहे. निवासी जागेच्या बिलात सर्वसाधारण कर, जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर आणि पथकर अशी शीर्षे असतात. इमारतीला पाण्याचे मीटर असेल तर जलकर आणि मलनिःसारण कर या बिलात येत नाहीत, पाण्याच्या बिलातून ते पैसे जातात. पण ‘लाभ’ लागलेले दोन्ही कर राहतातच. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या माथी दुरुस्ती उपकर वेगळा, तो तर दुसऱ्याच कायद्यातून आलेला. या सगळ्यांतली फक्त पहिली ओळ अध्यादेशाने पुसली. बाकीच्या तशाच राहिल्या.

हे चुकून झाले की ठरवून, यावर तेव्हा बरेच बोलले गेले. प्रशासनाची बाजू अशी की अध्यादेशात जे लिहिले त्याचीच अंमलबजावणी करता येते. उरलेल्या करांचा पैसा पाणी, मलवाहिन्या, शाळा, रस्ते अशा ठरलेल्या कामांचा आहे. ही बाजू पोकळ नाही. राज्य शिक्षण उपकर तर पालिकेचा नाहीच, १९६२ च्या वेगळ्या कायद्याखाली पालिका तो गोळा करून राज्याला देते, त्यामुळे पालिकेच्या अधिनियमात दुरुस्ती करून तो सुटणार नव्हता. पण मग मंत्रिमंडळाच्या घोषणेत ‘सर्वसाधारण’ हा शब्द ठळक का नव्हता? निवडणुकीच्या तोंडावर घोषणेला मोठा शब्द आणि राजपत्राला छोटा शब्द, ही विभागणी कोणाच्याच लक्षात आली नसेल हे मानायला अवघड जाते. राज्यात आणि पालिकेत तेव्हा एकमेकांचे मित्रपक्ष सत्तेवर होते. दोघांनाही श्रेय हवे होते आणि दोघांनाही महसूल सोडायचा नव्हता.

गोंधळ बिलांत उतरला. संगणक प्रणाली बदलायची, कोणते घर ५०० च्या आत हे निश्चित करायचे, या कारणांनी २०१९-२० ची बिले रखडली. लोकांनी अर्थ लावला की बिल आले नाही म्हणजे माफी झाली. मग बिले आली, सर्वसाधारण कर वजा करून बाकी सगळे मागणारी. सभागृहात सर्वपक्षीय आरडाओरडा झाला, नगरसेवकांनी बिले फडकावली. एव्हाना, नोव्हेंबर २०१९ पासून, मुख्यमंत्रिपदही पालिकेतल्या सत्ताधारी पक्षाकडेच आले होते. आता मंत्रालयात अडते असे म्हणायला जागा नव्हती. तरीही उरलेल्या ओळी पुसायला आणखी दोन वर्षे लागली. मध्ये करोना आला, हे खरे. पण पुढची पालिका निवडणूक २०२२ च्या सुरुवातीला अपेक्षित होती, हेही तितकेच खरे.

१ जानेवारी २०२२ रोजी पूर्ण माफीची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. या वेळी सगळी शीर्षे धरली गेली, राज्याच्या उपकरासह. १६ लाखांहून अधिक घरांना लाभ, पालिकेचे वर्षाला ४१७ कोटी आणि राज्याचे ४५ कोटी, मिळून ४६२ कोटींचा महसूल सोडलेला, असा हिशेब दिला गेला. माफी लागू झाली १ जानेवारीपासून. पालिकेचे बिल एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च अशा दोन सहामाहींचे असते, त्यामुळे ही तारीख कोणत्याच सहामाहीच्या टोकाला बसत नाही. घोषणेच्या दिवसाशी मात्र तंतोतंत जुळते. त्याआधीची थकबाकी माफीत नव्हती. २०१९ ते २०२१ या काळात ‘माफ झालाय’ म्हणून न भरणाऱ्यांना हे नंतर समजले.

सोसायट्यांत आणखी एक वाद राहिला. मुंबईत बहुतेक ठिकाणी करबिल अख्ख्या इमारतीचे येते आणि सोसायटी ते मेंटेनन्समध्ये वाटून वसूल करते. एकाच इमारतीत ४८० चे आणि ५२० चे फ्लॅट असतील तर ४८० वाल्याचा मेंटेनन्स कमी व्हायला हवा. तो सगळीकडे आपोआप झाला नाही. काही सोसायट्या वर्षानुवर्षे कर प्रति चौरस फूट सरसकट वाटत आल्या होत्या; त्यांना जुना तक्ता बदलायचा नव्हता. आणि ५१० फूटवाल्याच्या मनातली भावना तर समजण्यासारखीच. रेषेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे पूर्ण कर, मधली पायरी नाही. २०१७ च्या आश्वासनातली ७०० ची सवलत तीच पायरी होती.

यानंतरचा काळ माफीचा कमी आणि अडकून पडलेल्या वाढीचा जास्त आहे. २०२० मध्ये व्हायची पंचवार्षिक फेरआकारणी करोनामुळे पुढे गेली आणि मग पुढे जातच राहिली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भांडवली मूल्याचे काही नियम रद्द करणारा उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल कायम ठेवला; प्रत्यक्ष न झालेल्या बांधकामाची क्षमता धरून जागेचे मूल्य काढता येणार नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. डिसेंबर २०२३ मध्ये वाढीव कराची बिले निघाली आणि ओरड होताच ती मागे घ्यावी लागली. प्रत्येक वेळी ५०० च्या आतली घरे या भांडणातून बाहेर होती. शहरातल्या करदात्यांचा मोठा भाग एकदा वगळला की उरलेल्यांवरची वाढ ही फक्त उरलेल्यांची तक्रार बनते, आणि ती दाबणे किंवा मान्य करणे दोन्ही सोपे जाते.

पैसा कुठून तरी यावा लागतोच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पालिकेने झोपडपट्ट्यांतल्या व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर लावून ३५० कोटी अपेक्षिले. एप्रिल २०२५ मध्ये घनकचऱ्याच्या उपविधींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. त्यात घरटी शुल्क प्रस्तावित होते : ५० चौरस मीटरपर्यंत महिन्याला १०० रुपये, ३०० मीटरपर्यंत ५००, त्यापुढे १०००. ४६.४५ चौरस मीटरचे करमुक्त घर त्यातल्या पहिल्या गटात येत होते. शुल्क हे कर नसल्यामुळे २०२२ ची माफी त्याला लागू होण्याचा प्रश्नच येत नाही.