लहान कॉइल म्हणजे खेळणं नव्हे

‘मेटल डिटेक्टरची कॉइल (जमिनीवरून फिरवतात ती चकती) जेवढी मोठी, तेवढं जास्त सापडतं’ असं कोल्हापुरातही छातीठोक सांगणारे भेटतात. अर्धंच खरं. मोठी कॉइल खोलवर पोचते. पण रंकाळ्याच्या काठासारख्या, बाटल्यांची बुचं नि खिळे पडलेल्या जागी तिच्याखाली एकाच वेळी चार वस्तू येतात आणि लोखंड शेजारच्या अंगठीचा आवाज गिळून टाकतं. ५-६ इंची कॉइलखाली वस्तू सुट्या-सुट्या कळतात. खोली कमी मिळते, कबूल. पण काल हरवलेली अंगठी काय फूटभर खाली गेलेली असते? फक्त फेरे एकमेकांवर चढवत, सावकाश न्यायचे. मोकळ्या रानात मात्र मोठीच बरी. पन्हाळ्यावर कुठलीच नको: संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदणं १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे.